नातं : नाही

आईसाठी बाई हवी होती आणि ती मिळालीही होती. आता राहिलाय तो फक्त व्हिसा, असं आमच्या घरात सगळेच म्हणत होते.

आई दुबईत दादाकडे असते. तिला पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं परतलं ते मराठीपुरतंच. तिथल्या एजन्सीने पाठवलेली फिलिपिनी बाई कामाला चोख होती. पण आई "पाठ चोळ" म्हणाली की ती पाणी आणून द्यायची. दादा आणि वहिनी दोघंही नोकरीवर. शेवटी मराठी बोलणारी, घरातच राहणारी बाई भारतातून न्यायची असं ठरलं. शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी चेन्नईत राहते, आणि दादाच्या मते मला वेळच वेळ असतो.

चेन्नईत मराठी बाई कुठून आणणार? पण साहुकारपेठेत गलाईवाले आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी ही मंडळी सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली. देशात जिथे सराफ बाजार, तिथे यांची भट्टी. आमच्या अक्का त्यांच्यातल्याच. नवरा गलाईच्या दुकानात होता, तो वारला. मुलाचं शिक्षण इथे चाललेलं, म्हणून त्या गावी परतल्या नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळायची कामं घेऊ लागल्या. वय एक्केचाळीस, शिक्षण सातवी, तमिळ माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार. व्हिडिओ कॉलवर त्यांनी आईला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पाठीला जखमा झाल्यात का?" दादा तिथल्या तिथे "कधी येताय?" म्हणाला.

मग ओळखीतून एक एजंट आला. त्याच्या मते काम किरकोळ होतं. व्हिजिट व्हिसावर पाठवायचं, तिथे उतरल्यावर व्हिसा बदलून घ्यायचा. पैसे अक्कांकडून, थोडे आधी, थोडे पगारातून. त्याने अक्कांचा पासपोर्ट चाळला आणि म्हणाला, "ईसीआर आहे. एअरपोर्टवर पुशिंग करावं लागेल. त्याचं वेगळं."

मला काही उमगेना. अक्कांना उमगलं. "म्हंजी चोरून," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पासपोर्ट परत मागून घेतला.

त्या रात्री मी ईसीआर म्हणजे काय ते वाचायला बसले. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर असं छापलेलं असतं. अशा माणसाला आखाती देशांसह अठरा देशांत नोकरीसाठी जायचं तर 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. बाई असेल तर वय तिशीच्या पुढे हवं. फिरायला जाणाऱ्याला मात्र ही मंजुरी लागत नाही, आणि एजंटाची सगळी करामत तेवढ्या फटीतून चालते. व्हिजिट व्हिसावर गेलेली बाई सरकारी दफ्तरात पर्यटक असते. तिचा करार नाही, विमा नाही, ती कुणाच्या घरी राहते याची नोंद नाही. दहावी झालेल्या मला यातलं काहीच लागत नाही. मी व्हिसा आणि तिकीट काढून उद्या जाऊ शकते.

पुढचा शोध अधिक बुचकळ्यात टाकणारा होता. ईसीआर पासपोर्टवाल्या बायकांची या देशांसाठीची भरती २०१६ साली खाजगी एजंटांकडून काढून सरकारी संस्थांकडे दिली गेली. त्या वेळच्या यादीत केरळच्या नॉर्का रूट्स आणि ओडेपेक, तमिळनाडूची ओव्हरसीज मॅनपॉवर कॉर्पोरेशन म्हणजे ओएमसीएल, शिवाय उत्तर प्रदेश, आंध्र आणि तेलंगण यांच्या संस्था होत्या. महाराष्ट्राची एकही नव्हती. खानापूर तालुक्यातल्या बाईला दुबईतल्या मराठी घरात जायचं, तर वाट तमिळनाडू सरकारच्या दारातून होती. आणि ते दार निघालं गिंडीत, माझ्या आदंबाक्कमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

गिंडीची मला माहीत असलेली बाजू म्हणजे राज्यपालांचं निवासस्थान, शहराच्या मधोमध हरणं असलेलं राष्ट्रीय उद्यान, घोड्यांच्या शर्यतींचं जुनं मैदान. स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत आहे, तिथे मी कधी गेले नव्हते. तिचं नाव तिरु. वि. क. इंडस्ट्रियल इस्टेट. तिरु. वि. कल्याणसुंदरम हे तमिळ पंडित आणि कामगार पुढारी. १९१८ च्या एप्रिलमध्ये मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. देशातल्या पहिल्या संघटित कामगार संघटनांपैकी ती एक. तिचे अध्यक्ष बी. पी. वाडिया हे मुंबईचे पारशी होते, आणि त्यांच्यासोबत उभे राहिले ते हे तिरु. वि. क. कामगारांसाठी झगडलेल्या माणसाच्या नावाच्या वसाहतीत आपण कोणत्या बाजूने शिरतोय, हे मला आळंदूर रोडवरच्या त्या कार्यालयात बसल्यावर कळलं.

ओएमसीएल १९७८ पासूनची. बाकांवर फायली छातीशी धरलेल्या नर्स, वेल्डर, ड्रायव्हर, घरकामाला निघालेल्या बायका. टेबलामागे एक बाई होत्या. मी आईच्या आजारापासून सुरुवात केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, "पेशंटचं कळलं. एम्प्लॉयर कोण?"

"माझा भाऊ."

"म्हणजे तुम्ही एम्प्लॉयरकडून." त्यांनी खुर्ची अक्कांकडे वळवली आणि तमिळ सुरू केलं. मी मध्ये काही सांगू गेले तर हाताने थांबवलं. घरात माणसं किती? स्वयंपाक कोण करणार? झोपायला खोली आहे का? पगार कुणाच्या खात्यात जमा होणार? अक्का उत्तरं देत होत्या, आणि बऱ्याच प्रश्नांना त्यांचं उत्तर "माहीत नाही" असं होतं. मलाही माहीत नव्हतं. आम्ही आईच्या औषधांची यादी केली होती, पथ्याची केली होती. अक्का झोपणार कुठे, हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

मग त्यांनी मला क्रम समजावला. सुरुवात दादापासून. त्याने आधी ई-मायग्रेट या सरकारी प्रणालीत मालक म्हणून नोंद करायची. दुबईतला भारतीय वाणिज्य दूतावास त्याची कागदपत्रं तपासणार: पगाराचा दाखला, भाड्याचा करार, कुटुंबाचे व्हिसे. दूतावासाने होकार दिला की मागणी नोंदवायची, मग करार, मग व्हिसा, मग वैद्यकीय तपासणी आणि विमा, आणि सगळ्यात शेवटी प्रोटेक्टरची मंजुरी. शिवाय घरकामाच्या बाईसाठी मालकाची २,५०० अमेरिकी डॉलरची बँक हमी. तिचा पगार बुडाला, तिला परत पाठवायची वेळ आली, तर त्यातून खर्च होणार. कुवेतसाठी ही हमी २०१७ मध्ये मागे घेतली गेली. आमच्या वाट्याला ती होती. आणि मालकाने बाईला मोबाइल द्यायचा, रिचार्जसकट. हेही नियमात आहे.

फोनवर दादा उसळला. "मी काय तिला पळवून नेतोय? आईसाठी नेतोय ना?"

नियम दादाकडे बघून केलेले नव्हते. प्रोटेक्टर हे पदच मुळी आपल्या सध्याच्या कायद्याहून शंभरेक वर्षांनी जुनं आहे. मळ्यांवर गिरमिटिया मजूर पाठवायच्या काळातलं. १८६० साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला मजूर नेणारं 'ट्रुरो' जहाज याच मद्रास बंदरातून सुटलं. कोकणातली माणसं त्याच्याही आधी मुंबईहून मॉरिशसच्या उसात गेली. सही करणाऱ्याला आपण कुठे आणि कुणाकडे चाललोय हे ठाऊक नसायचं, आणि तिथे पोचल्यावर विचारायला कुणी नसायचं. आजही घरकामाची बाई विमानतळावरून थेट एका फ्लॅटच्या दारामागे जाते. कारखान्यात निदान शेजारी दुसरा कामगार असतो. तिच्या शेजारी मालकाचंच कुटुंब असतं. रिचार्ज केलेल्या मोबाइलचा नियम त्यासाठी आहे.

दादाचा दुसरा बेत रागातून निघाला. "मग मीच आईला घेऊन चेन्नईला येतो. ती फिलिपिनो बाईपण आणतो, आईला आता तिची सवय झालीय." गिंडीतच किंग इन्स्टिट्यूटच्या आवारात वृद्धांसाठीचं राष्ट्रीय केंद्र २०२४ मध्ये सुरू झालंय, दोनशे खाटांचं. उपचारांची सोय झालीही असती. पण परदेशी बाईला भारतात कामाला आणायचं, हे बघायला गेले आणि हसूच आलं. आपला एम्प्लॉयमेंट व्हिसा नेहमीच्या, साध्या कामांसाठी मिळत नाही, आणि पगार वर्षाला सव्वासोळा लाखांच्या वर लागतो. सूट आहे ती परदेशी पद्धतीचं जेवण करणाऱ्या आचाऱ्यांना, भाषा शिकवणाऱ्यांना वगैरे. नेपाळी बाईला मात्र व्हिसाच लागत नाही. म्हणजे आपण जगभर माणसं पाठवतो ती ज्या कामासाठी, त्या कामाला आपल्या घरी, तेवढा अपवाद सोडला तर, परका माणूस येऊ देत नाही. दादा गप्प झाला आणि भाड्याचा करार शोधायला लागला.

तिकडचे नियमही कमी नव्हते. अमिरातीत परदेशी रहिवाशाला घरकामाची बाई स्वतःच्या नावावर ठेवायची तर कुटुंबाचं उत्पन्न साधारणपणे महिन्याला २५,००० दिरहम हवं. दादा-वहिनींचं मिळून ते जेमतेम बसलं. पुढची अट वाचून वहिनीने मला फोन केला. मालक आणि कामगार यांच्यात नातं असता कामा नये. दोघे एकाच देशाचे, म्हणून तसं लिहून द्यायचं. दादा तोवर अक्कांना फोनवर "मावशी" म्हणायला लागला होता.

"नातं : नाही," असं त्याने लिहून दिलं.

खरी गंमत कराराने केली. अमिरातीत घरकामगारांसाठी २०२२ चा कायदा आहे. आठवड्याला एक दिवस पगारी सुट्टी. दिवसातून किमान बारा तास विश्रांती, त्यातले आठ सलग. वर्षाला तीस दिवस रजा. दोन वर्षांनी घरी जायचं तिकीट. पासपोर्ट तिच्याच ताब्यात. भरतीचा खर्च मालकाचा, तिच्याकडून एक दिरहमही घ्यायचा नाही. मी हे सगळं मराठीत लिहून काढलं आणि अक्कांपुढे ठेवलं. दादाला कॉलवर घेतलं.

"तास कसले मोजायचे?" दादा म्हणाला. "अक्का घरच्यासारख्या राहतील. आईला लागेल तेव्हा उठायचं, नाही तेव्हा आराम. आपण काय परके आहोत?"

अक्का बोलल्या नाहीत. कागदावर बोट ठेवून वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "रात्री दर दोन तासांनी कुशीवर वळवाय लागतंय. न्हाईतर पाठ सडती. मग आठ तास सलग झोप कवा?"

हा साधा हिशेब आमच्यापैकी कुणी केलेला नव्हता. जखमा होऊ नयेत म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दोन-दोन तासांनी वळवावं लागतं, रात्रीसुद्धा. म्हणजे चोवीस तास बघणारी एकटी बाई ठेवायची, तर तिला कधीच सलग झोपू द्यायचं नाही. आपल्याकडे जाहिरातीत सर्रास लिहितात, 'चोवीस तासांची बाई पाहिजे'. ती बाई कायद्यात बसत नाही, आणि अंगातही बसत नाही. बसवली जाते ती 'घरच्यासारखी' म्हणून. घरच्या माणसाला कुणी तास विचारत नाही, आणि घरच्या माणसाला कुणी पगारही देत नाही. आम्हाला अक्का पहिल्या हिशेबात घरच्या हव्या होत्या आणि दुसऱ्या हिशेबात बाहेरच्या.

शेवटी तक्ता झाला. रात्री दहा ते सकाळी सहा दादा आणि वहिनी, आळीपाळीने. दुपारी आई झोपली की अक्कांचे चार तास. रविवार सुट्टी, कारण त्या दिवशी दोघं घरी असतात. दादाने तक्ता बघितला आणि बराच वेळ बोलला नाही. मग विचारलं, "मला कुशीवर वळवता येईल का?" अक्का म्हणाल्या, "शिकवते की."

व्यवसायाचा रकानाही त्रासदायक निघाला. अक्का करतात ते निम्मं काम नर्सचं आहे: नळीतून अन्न, जखमेची निगा, हातापायांचे व्यायाम. पण खाजगी परिचारिका म्हणून दाखवायला प्रमाणपत्र लागतं. २०२४ मध्ये इस्रायलने भारताकडे पाच हजार काळजीवाहक मागितले, तेव्हा दहावीनंतरचा अभ्यासक्रम आणि किमान ९९० तासांचा प्रत्यक्ष अनुभव अशी अट होती. अक्कांचे तास त्याच्या कैक पटींनी भरतील, पण ते कुणी लिहून ठेवलेले नाहीत. करारात त्या 'घरकामगार' झाल्या आणि पगार त्या रकान्याला साजेसा सुचवला गेला. दादाने तो वाढवला, तेव्हा मला बरं वाटलं. किती वाढवायचा हे मात्र अक्कांनी सांगितलं, आणि ते त्याच्या पहिल्या आकड्याच्या बरंच वर होतं.

सगळं ठरलं असं वाटलं तेव्हा अक्कांनी विचारलं, "आणि आई गेल्या तर?"

फोनवर कुणी बोलेना. प्रश्न अगदी रास्त होता. त्यांचा त्या देशातला मुक्काम दादाच्या नावावर, आणि त्यांची गरज आईच्या जिवावर. आई सहा महिन्यांत गेली तर मुलाची फी, इथली सोडलेली कामं, परतीचं भाडं, सगळ्याचं काय? दादाला हा विषयच नको होता. असलं काही लिहायचं म्हणजे अशुभ, असंही तो म्हणाला. वहिनीने फोन हातात घेतला. "मी लिहिते," ती म्हणाली. आणि वेगळ्या कागदावर लिहून, सही करून पाठवलं: तसं झाल्यास परतीचं तिकीट आमचं, त्याशिवाय तीन महिन्यांचा पगार. मराठीत लिहिलेला तो एकच कागद आमच्या फायलीत आहे. कुठल्याही कार्यालयाने तो मागितला नव्हता.

यानंतरचं सगळं रांगेत उभं राहिलं की होण्यासारखं होतं. वैद्यकीय तपासणी झाली. प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा काढला: दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास दहा लाखांचं संरक्षण. इतक्या कागदांत एवढी स्वस्त गोष्ट दुसरी नव्हती. जाण्याआधीच्या प्रशिक्षणात अक्का दिवसभर बसल्या. पासपोर्ट कुणाला द्यायचा नाही, कराराची प्रत आपल्याजवळ ठेवायची, अडचणीत दूतावासाला कसं गाठायचं, हे सगळं शिकून आल्या आणि मला त्यातलं दोनदा विचारून पाहिलं. प्रोटेक्टरची मंजुरी ऑनलाइन आली.

आणि व्हिसा? तो कधी आला हे लक्षातही राहिलं नाही. दादाच्या फोनवर एक पीडीएफ आली, त्याने ती पुढे पाठवली, मी प्रिंट काढून फायलीत लावली. ज्यासाठी एजंट हजारो रुपये मागत होता, तो एवढासा कागद. बाकीची जाडजूड फाइल अक्का कुणाच्या घरी, कोणत्या अटींवर, कुणाच्या भरवशावर चालल्या आहेत याची होती. सुरुवातीला ती फाइल मला आडकाठी वाटायची. आता कुणी विचारलं तर मी सांगते: फाइल भरायला घ्याल तेव्हा कामाला येणारी बाई शेजारी बसवा, आणि प्रत्येक रकाना तिला वाचून दाखवा. तुमच्या घरात काय ठरलेलं नाही, ते तीच सांगेल.

अक्का आता दुबईत आहेत. आईच्या पाठीवर जखम नाही. दादा रात्री कुशीवर वळवायला शिकलाय. त्याची स्वतःची पाठ मात्र धरते. परवा सकाळी मी आईच्या नव्या गोळीबद्दल विचारायला अक्कांना फोन केला. मागे रस्त्यावरचा आवाज येत होता, बरोबर कुणीतरी गावाकडच्या बोलीत हसत होतं.

"आज रविवार हाय," अक्का म्हणाल्या. "दादांना विचारा."